बाकी बरोबर

१. टेबल हलतं

पुस्तकं जग हलवतात. पुस्तकांनी सिंहासनं डळमळवली, झोपलेली राष्ट्रं गदागदा हलवून जागी केली, आणि 'एका पुस्तकाने काय होणार' असं विचारणाऱ्यांची तोंडं काळाने वेळोवेळी बंद केली. आमच्या वाचनालयातल्या एका पुस्तकाने मात्र नेमकं उलटं काम केलं. दीड वर्षं त्याने एका टेबलाला हलू दिलं नाही.

हे वर्तमानपत्रांचं टेबल. त्याचा खिडकीकडचा पाय बाकीच्या तिघांपेक्षा आखूड आहे. त्या पायाखाली जे पुस्तक होतं त्याचं नाव 'सापडलो, तिथून पुढे'. लिहिणारा आमच्याच गावातला चावीवाला. ऐन तारुण्याची अकरा वर्षं त्याने गर्दच्या पुडीत घालवली, मग त्यातून बाहेर आला, किल्ल्या करायला शिकला आणि झालं ते सगळं लिहून काढलं. पुस्तक वाचनालयात आलं त्याच आठवड्यात हेडसरांनी मंडळाला पत्र धाडलं. हेडसर शाळेतून निवृत्त झालेत, हेडपणातून नाही. असलं पुस्तक शेल्फवर शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं आणि तसा ठराव झाला. ग्रंथपालबाई शिस्तीच्या. त्यांनी पुस्तक शेल्फवरून काढलं आणि टेबलाच्या पायाखाली ठेवलं. ठरावात फक्त शेल्फचा उल्लेख होता.

तेव्हापासून त्या टेबलाशी बसणाऱ्यांच्या हातून वस्तू फार पडायला लागल्या. पेन्सिल पडायची, रुमाल पडायचा, चष्म्याचं घर पडायचं. उचलायला वाकलेला माणूस वीस-वीस मिनिटं वर यायचा नाही. पुस्तक बाहेर असताना पायाखाली सरकवायला बाईंनी पुठ्ठ्याची एक घडी शेजारीच ठेवली होती, आणि त्याबद्दल कोणी कोणाशी बोलत नसे. गावात ते पुस्तक कोणीच वाचलेलं नव्हतं. फक्त त्याचे कोपरे काळे पडले होते.

आमच्या वाचनालयाची एक जुनी पद्धत आहे. नवं पुस्तक बाईंडरकडे जातं तेव्हा तो शेवटी आठ कोरी पानं जास्तीची शिवतो. त्यावर वाचकांनी अभिप्राय लिहायचे. बहुतेक पुस्तकांची ही पानं कोरीच म्हातारी होतात. या पुस्तकाची मात्र पाठपोट भरली होती.

सोमवारी दुपारी मी आणि आत्या त्या टेबलाशी बसलो होतो. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. वय एक्याऐंशी. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. मी चौसष्टचा आहे आणि ती मला बाळ म्हणते. दोन ते चार ही आमच्या वाचनालयाची पाण्याखालची वेळ. दुधी काचांतून उजेड गाळून येतो, पंखा आठवण झाल्यासारखा मधूनच फिरतो, आणि धुळीचे कण इतके सावकाश खाली येतात की ते पोचेपर्यंत माणसाचा डोळा लागतो. आत्याचा लागला होता. समोर थर्मासच्या झाकणात तिचा चहा होता. मी पेपराचं पान उलटलं आणि चहा हिंदकळून तिच्या बोटावर आला.

"टेबल हललं," आत्या डोळे न उघडता म्हणाली.

मी वाकून पाहिलं. पुस्तक जागेवर होतं. बाहेर काढलं तर हाताला हलकं लागलं. शेवटची आठही पानं नव्हती. त्यांच्या जागी जाड कागदाची बोटभर चिठी शिवलेली होती. चिठीवर पेन्सिलीने आठाचा आकडा, खाली एक आडवी रेघ, आणि रेघेखाली सात. बाकी काही नाही.

२. चावीवाला

बाईंनी कपाळावर हात मारला आणि लगेच दार लोटून घेतलं, जणू पानं अजून आतच फिरत असावीत. पण दार पुरतं लागायच्या आत चावीवाला आला. तो एरवी फक्त शनिवारी येतो. सोमवारी आलेला पाहून आम्हालाच कसनुसं झालं.

चावीवाल्याचं गावाशी असलेलं नातं मजेशीर आहे. ज्याच्या भीतीने लोकांनी घराला दोन-दोन कुलपं घातली, त्याच्याकडूनच त्या कुलपांच्या किल्ल्या करून घेतल्या. त्याचा हात चांगला आहे. गर्दुल्ला हा शब्द त्याच्या पाठीमागे वापरतात आणि किल्ली हातात पडेपर्यंत समोर 'दादा' म्हणतात.

त्याने पुस्तक पाहिलं आणि तिथेच बाकावर बसला. पानं गेली, हे दुःख त्याला नव्हतं. शिव्या त्याला पाठ होत्या. त्याला एकच अभिप्राय परत पाहायचा होता. शनिवारी दुपारी, अगदी शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, त्याला तो पहिल्यांदा दिसला. तेवढ्यात कोणीतरी आत आलं, आणि स्वतःचंच पुस्तक वाचताना सापडायला नको म्हणून तो घाईने निघून गेला. रविवारी वाचनालय बंद. दोन रात्री तो जागा होता.

"काय लिहिलं होतं?" आत्याने विचारलं.

"पान एक्केचाळीस. कपाट लोखंडी लिहिलं आहे. लाकडी होतं. बाकी बरोबर."

एक्केचाळिसाव्या पानावर काय आहे हे न वाचलेल्या सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्या पानावर, पुडीच्या पहिल्याच वर्षी, चावीवाला आपल्याच घरचं कपाट फोडतो आणि आत असलेलं आईचं होतं नव्हतं ते घेऊन जातो. आई त्यानंतर वर्षभरात गेली. वडील, म्हणजे आमचे नाना, तेव्हापासून 'मला एकच मुलगी' असं सांगतात. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चावीवाल्याने लिहिलं आहे की बोलावल्याशिवाय त्या घराची पायरी चढणार नाही, असा त्याने नानांना शब्द दिला आहे. आठ वर्षं झाली. त्याने पुडीला हात लावलेला नाही आणि त्या पायरीला पाय.

कपाट लाकडी होतं हे जगात दोनच माणसं सांगू शकत होती. नाना, किंवा चावीवाल्याची ताई.

"अक्षर?" आत्या.

"तीच तर पंचाईत आहे, आत्या. नानांचं अक्षर म्हणजे मोती. हे मुंग्या शाईत पडून चालत गेल्यासारखं होतं. आणि लहानपणी माझे पाढे तपासून नाना 'बाकी बरोबर' म्हणायचे. मी काही चुकलो की ताई त्यांची नक्कल करून तेच म्हणायची. चिडवायला."

म्हणजे ते दोन शब्द नानांचे असतील तर ते बोलावणं होतं, आणि ताईचे असतील तर टोमणा. ताईची बदली झाली होती. रविवारी सकाळी ट्रक येणार होता आणि नाना तिच्याबरोबर तीनशे किलोमीटर लांब जाणार होते, ते कायमचेच. नानांचं वय पाहता 'पुढे केव्हातरी' असं म्हणायला फारशी जागा नव्हती.

"टोमणा असेल तर मी नाही जाणार," चावीवाला म्हणाला. "दिलेले शब्द मी इतके मोडलेत, आत्या, की हा एकच धड राहिलाय."

आत्याने चिठी नाकाशी धरून हुंगली, मग कानाशी धरली. ऑपरेटर माणूस, सवय जात नाही.

"ज्याने पानं नेली," ती म्हणाली, "त्याने पुस्तक का नेलं नाही?"

३. न वाचलेल्यांचे अभिप्राय

आत्याची चौकशीची रीत सोपी आहे. ती समोरच्याच्या घरी जाते, बरी खुर्ची पाहून बसते आणि डोळे मिटते. माणसाला वाटतं म्हातारी झोपली, मग तो मोकळेपणाने बोलतो. ती कधीकधी खरंच झोपते. त्यानेही काही बिघडत नाही. कोण काय बोलतं यापेक्षा कोण कुठे थांबतं हे ऐकायचं असतं, आणि ते झोपेत चांगलं ऐकू येतं, असं तिचं म्हणणं.

हेडसरांनी आधी स्पष्ट केलं की त्यांनी ते पुस्तक वाचलेलं नाही, आणि त्याचं सत्त्याण्णवावं पान तर कोणीच वाचू नये असं आहे. अभिप्राय मात्र त्यांनी लाल शाईने तीन पानं दिला होता. असली माणसं जन्मतःच किडकी असतात, हा त्याचा सारांश. चिठी पाहून त्यांचा चेहरा दुखावला. सातापैकी आठ गुण? असे कसे गुण देतो हा मास्तर? ते बराच वेळ त्या गुणांबद्दलच बोलत राहिले. निघताना आत्या मला म्हणाली की आपलीच तीन पानं चोरणारा लेखक अजून जन्माला यायचाय.

औषधवाल्याकडे कारण होतं. अभिप्रायांत कोणीतरी लिहिलं होतं की चावीवाल्याला सुरुवातीच्या दिवसांत खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या कोणत्या दुकानातून मिळायच्या, हे गावाला माहीत आहे. औषधवाला म्हणाला की त्याने पुस्तक वाचलेलं नाही, पण सदुसष्टाव्या पानावर आपल्या दुकानाचं नाव नाही हे त्याने तीनदा तपासलंय. पानं गेल्याचा आनंद तो लपवत नव्हता. चिठी त्याने सवयीने डोळ्यांपासून लांब धरून वाचली. आठ गोळ्या, सात दिवस. असा डोस कोणता डॉक्टर लिहितो, त्याला भेटायला हवं. आत्याने डोळे किलकिले करून त्याच्या सदऱ्याकडे पाहिलं. दोन गुंड्यांच्या जागी सेफ्टी पिना होत्या. ज्याला स्वतःची गुंडी लावता येत नाही तो पुस्तकात चिठी कशाला शिवेल, असं ती बाहेर आल्यावर म्हणाली.

मग आम्ही बाईंडरकडे गेलो. त्याच्या खोलीत खळीचा वास इतका जुना आणि दाट होता की भिंतीच त्याने चिकटवल्या असाव्यात असं वाटलं. एकटा तोच माणूस पुस्तक वाचल्याचं कबूल करणारा. तोसुद्धा म्हणाला, बांधताना पान नजरेखालून जातंच, आणि हे पुस्तक त्याने बांधलं तीनदा.

त्याने पुस्तकाची पाठ वाकवून, दिव्याखाली धरून पाहिलं. चोर माणूस पातं घेतो, एका ओढीत पानं कापतो, तो म्हणाला. इथे कापलेलं नाही. उसवलंय. टाका न् टाका सोडवून पानं वेगळी केलीत, एकही फाटलेलं नाही. आणि मग चिठी शिवलीये ती दाभणाने, तीन भोकं पाडून. तो स्वतः पाच पाडतो.

"हे करणाऱ्याला पुस्तक येत नाही, आत्या," बाईंडर म्हणाला. "पण कागद येतो."

आत्याने डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. मग ती उठली आणि म्हणाली की आता त्या घरी जाऊ, जिथे एकच मुलगी आहे.

४. होतं तिथं ठेवा

तो गुरुवार होता. नानांच्या घरात खोक्यांच्या गल्ल्या झाल्या होत्या. भिंतींवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन उरले होते आणि बोललेला प्रत्येक शब्द रिकाम्या खोल्यांतून फिरून थोडा उशिरा परत येत होता. ताई हाफ डे टाकून सामान बांधत होती. खिडकीशी खुर्चीत नाना बसले होते, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून. नाना कचेरीत चाळीस वर्षं रेकॉर्डकीपर होते. लोक सांगतात की आग लागली असती तर नानांनी आधी आगीची नोंद केली असती.

मागच्या भिंतीशी एक कपाट होतं. लाकडी. त्याची दारं लागत नव्हती, म्हणून कड्यांतून पांढरी दोरी ओवून नीट गाठ मारलेली होती.

ताईला आत्याने सरळच विचारलं, पुस्तक वाचलं का.

"मला वाचायची काय गरज? मी तिथे होते."

हे तिने इतक्या थंडपणे म्हटलं की मला वाटलं, सापडली. कपाट हिला ठाऊक, टोमणा मारायची सवय हिची, आणि दोरीला मारलेली गाठही बहुधा हिचीच. ताई पुढे म्हणाली की नानांना अजून वाचता येत नाही, नवा चष्मा तयार व्हायचाय, रोज संध्याकाळी तीच पेपर वाचून दाखवते, अगदी हवामानासकट. आणि वाचनालयात? तिथे ते दुपारी नुसते बसायला जातात. ती कामावर असते, घर खायला उठतं.

आत्याने पिशवीतून, बाईंडरने सोडवून दिलेली, चिठी काढून तिला दिली. ताईने ती उलटीसुलटी केली. कसला पत्ता आहे का हा, घर नंबर वगैरे? मग आत्याने ती नानांच्या हातात ठेवली. नानांनी चिठीच्या कडेवरून बोट फिरवलं. काही विचारलं नाही.

"होतं तिथं ठेवा," ते म्हणाले. "हरवेल."

आत्याने त्यांना चावीवाल्याबद्दल सांगितलं. पानं गेल्यापासून तो कुलपं दुरुस्त करायला घेतो आणि तशीच परत देतो, हे सांगितलं. एका ओळीसाठी तो झुरतोय, हेही सांगितलं. नाना खिडकीकडे तोंड करून होते. खाली रस्त्यावरून कोणीतरी सायकल ढकलत चाललं होतं आणि तिचा करकर आवाज खूप वेळ खोलीत राहिला.

"आज वार कोणता?" शेवटी त्यांनी विचारलं.

"गुरुवार, नाना," ताई म्हणाली. "रविवारी निघायचंय. विसरलात का?"

नानांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली.

जिन्यात अंधार होता. तिसऱ्या पायरीवर आत्या कठड्याला धरून थांबली. तिने डोळे मिटले, आणि मला माहीत होतं की ती आता बोर्डासमोर बसली आहे. ती सांगते, स्वप्नात अजून तिला बोर्ड दिसतो, एकेक दिवा लागतो आणि कोणीतरी लांबून बोलतं.

"बाळ," ती म्हणाली, "चोर सापडला."

"कोण?"

"शनिवारी सांगेन. मुदत संपायच्या आत कोणाला चोर म्हणायचं नसतं."

५. मुदत

शनिवारी दोन वाजता वाचनालय नेहमीसारखं पाण्याखाली गेलं. बाईंना आत्याने शपथ घालून गप्प बसवलं होतं, आणि पुस्तक, आत चिठी घालून, परत पायाखाली ठेवलं होतं. चावीवाला प्रवासवर्णनांच्या शेल्फमागे उभा होता. तिथे कोणी फिरकत नाही. आत्या टेबलाशी बसून घोरत होती, आणि ते नाटक नव्हतं.

अडीचला काठीचा आवाज आला. नाना आत आले. काळा चष्मा नव्हता, नवा होता, सोनेरी काड्यांचा. त्यांनी टेबलाचा पाय उचलून पुस्तक काढलं, पुठ्ठा सरकवला, बगलेतल्या फायलीतून आठ पानं काढली, खिशातून दाभण काढलं आणि पहिल्याच फटक्यात त्यात दोरा ओवला. एखादं मूल झोपलेलं असताना त्याची उशी नीट करावी तसं ते सगळं चाललं होतं.

"गुरुवारी दिसत नव्हतं, नाना," आत्या म्हणाली. घोरणं केव्हा थांबलं होतं कोण जाणे.

नानांनी टाका पुरा केला. मग म्हणाले, "चष्मा गेल्या शनिवारी मिळाला. ताईला सांगू नका. पेपर वाचून दाखवायची बंद होईल."

आत्याने मग सगळं सांगितलं, डोळे मिटूनच, कोणाचा तरी कॉल जोडून द्यावा तशी. चिठी तिने चौघांना दाखवली. तिघांनी तिचा अर्थ लावला, ज्याने त्याने आपापल्या धंद्यातला. हेडसरांना गुण दिसले, औषधवाल्याला गोळ्या, ताईला खोक्यावर लिहायचा पत्ता. नानांनी मात्र अर्थ लावलाच नाही, कारण त्यांना त्यात कोडं दिसलंच नाही. ते फक्त म्हणाले, होतं तिथं ठेवा. ज्याला चिठी म्हणजे काय हे माहीत असतं, त्यालाच ती जागेवरून हलल्याची काळजी वाटते. आणि मग त्यांनी वार विचारला. आत्याला जिन्यात आठवलं. कचेरीचा फोन तिने तीस वर्षं जोडला. साहेब लाइनवर थांबलेले असायचे आणि मागून रेकॉर्ड रूममधला आवाज यायचा: आठ कागद, सात दिवस, चिठी लावली का?

"तुम्ही ऐकत होता?" नानांनी विचारलं. चोरी पकडली गेल्यापेक्षा त्यांना हे जास्त लागलेलं दिसलं.

"ऑपरेटर ऐकत नाही. ऐकू येतं."

"फायलीतून कागद काढला की जागेवर चिठी शिवायची," नाना म्हणाले. "वर कागद किती, खाली दिवस किती. पुस्तक उचललं असतं तर ती चोरी झाली असती. हे रीतसर नेलेलं आहे. आज सातवा दिवस."

"कार्ड काढून सरळ घरी न्यायचं होतं."

"वहीत नाव लागलं असतं. या पुस्तकापुढे माझं नाव. गावाने काय वाचलं असतं मग, पुस्तक की वही?"

छापलेलं त्यांनी इथेच वाचलं होतं, तीन महिने, रोज दुपारी, भिंगाने एकेक अक्षर करत. ती एक ओळही तेव्हाच लिहिली, अंदाजाने, कागदावर पेन कुठे टेकतंय ते दिसत नसताना. म्हणून मुंग्या. पण लोकांनी हाताने लिहिलेलं भिंगातून लागेना. आपल्या मुलाबद्दल लोक काय म्हणतात हे त्यांना वाचायचं होतं. चष्मा हातात पडला आणि ते दुकानातून तडक इकडे आले.

"नुसतं वाचायला सात दिवस?" आत्याने विचारलं.

नानांनी पुस्तक तिच्यापुढे सरकवलं. मी वाकून पाहिलं. प्रत्येक अभिप्रायाखाली मोत्यासारख्या अक्षरात शेरा होता.

हेडसरांच्या तीन लाल पानांखाली एवढंच: 'जन्माच्या वेळी मी हजर होतो. वजन साडेसहा पौंड. कीड आढळली नाही.'

'औषधविक्रेत्यांबद्दल लेखकाने जबाबदारीने लिहायला हवे होते', असं एकाने निनावी लिहिलं होतं. त्याखाली: 'पान ६७ पाहावे. लेखकाने दुकानाचे नाव लिहिलेले नाही. मला माहीत आहे.'

कोणा आईने लिहिलं होतं की माझा मुलगाही याच वाटेवर आहे, त्याला हे पुस्तक वाच म्हणून कसं सांगू. त्याखाली: 'सांगू नये. टेबलावर विसरावे.'

एक वाचक म्हणत होता की नशेचे प्रसंग रंगलेत पण शेवट फार कंटाळवाणा आहे, लेखक नुसता रोज उठतो, कामाला जातो आणि परत येतो. त्याखालचा शेरा मी दोनदा वाचला: 'शेवट असाच असावा अशी आम्ही अकरा वर्षे वाट पाहिली.'

आणि शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात, त्या मुंग्यांच्या ओळीखाली, नवी नोंद होती. 'वरील अक्षर माझेच. दृष्टी नसल्याने असे आले. कपाट रविवारी हलणार. लेखकाने फोडल्यापासून त्याचे कुलूप लागत नाही. लेखकाने समक्ष येऊन पाहावे.' खाली सही होती. पूर्ण.

शेल्फमागे एक जाड पुस्तक पडलं. चावीवाला बाहेर आला. त्याच्या हातात त्याची हत्यारांची पिशवी होती. ती तो कधीच सोडत नाही, तरी त्या क्षणी असं वाटलं की तो आठ वर्षं ती घेऊन याच कामाला निघालेला आहे. त्याने वाकून ती नोंद वाचली. मग परत वाचली. मग तो तिथेच उभा राहिला, कारण पुढे काय करतात हे त्याला माहीत नव्हतं. नानांनाही माहीत नव्हतं. पंखा एकदा फिरला. धुळीचे कण दोघांच्या मधून खाली येत राहिले, अजिबात घाई न करता.

नानांनी दोऱ्याचं टोक दाताने तोडलं. चिठी त्यांनी आधीच काढून घेतली होती, ती चार तुकडे करून खिशात टाकली, काम पुरं झाल्यावर टाकतात तशी.

"लोखंडी का लिहिलंस?" त्यांनी विचारलं. एकोणीस वर्षांतला हा पहिला प्रश्न.

चावीवाल्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "लाकूड फुटताना आवाज झाला होता, नाना," तो म्हणाला. "तो लिहवेना."

नानांनी मान हलवली. त्यांच्या मनात कुठेतरी नोंद झाली असावी. मग त्यांनी काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात किंचित बाजूला धरला, म्हटलं तर तोल सांभाळायला. चावीवाल्याने तो धरला. दारात पोचल्यावर नाना त्याला जिन्याचं काहीतरी सांगत होते, दिवा गेलाय, तिसरी पायरी निसटती आहे. ताईला काय सांगायचं, हे त्यांनी अजून ठरवलेलं नसावं. उजेडात ते दोघे असे मिसळत गेले की शेवटी नुसती काठी ऐकू येत राहिली.

ग्रंथपालबाई डोळे पुसून उठल्या. त्या म्हणाल्या की ठराव गेला चुलीत, आता हे पुस्तक शेल्फवर जाणार, दर्शनी, पहिल्या रांगेत. मलाही भरून आलं होतं. पुस्तकं माणसांना कशी हलवतात, याबद्दल मी काहीतरी बोलायला सुरुवात केली. दोन वाक्यं चांगली जमलीही होती.

"शेल्फवर ठेवाल तर वाचेल कोण?" आत्या म्हणाली. तिचे डोळे मिटलेलेच होते. "आणि बाळ, तू बोलताना टेबलावर रेलू नकोस. तो पुठ्ठा काढ आणि पुस्तक पायाखाली सरकव बघू. चहा सांडतोय माझा."